जुन्या सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाल्या) गिटार अँपमधून मेटलचा आवाज निघतो का? निघत असेल तर कसा?

जुनाट_कॉम्बो
मंडळी, माझ्याकडे ८० च्या दशकातला एक सॉलिड स्टेट कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) आलाय, १२ इंची एकच स्पीकर, दोन चॅनल, स्प्रिंग रिव्हर्ब, मागे प्रीअँप (आवाज घडवणारा भाग) आउट आणि पॉवर अँप (आवाज मोठा करणारा भाग) इन असे दोन जॅक, आणि वजन असं की उचलताना कंबर आठवते. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये नाहीतर अख्खा धागा ब्रँडच्या भांडणात जाईल. क्लीन आवाज एकदम कडक, तक्रार नाही. पण लीड चॅनलवर गेलं की कुणीतरी कापड टराटरा फाडतंय असं वाटतं, आणि पाम म्यूट (तारांवर तळहात टेकवून) मारला की चग, म्हणजे तो आखूड ठोसा, यायच्या ऐवजी नुसता भदाभदा चिखल. मला सोलो नकोय, मला रिदम पाहिजे, थ्रॅश आणि जुनं डेथ मेटल या टाइपचा. सगळे म्हणतात विकून टाक. मला विकायचा नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नळीभक्त
ट्यूब (व्हॅक्यूम नळीवाला) अँप घे. विषय संपला.

खर्ज
आला हा. नळीभक्त, तू प्रत्येक धाग्यावर हेच लिहितोस, आता तुझी सही म्हणूनच ठेव ते :)

जुनाट, अजिबात विकू नकोस. मेटलमधले कितीतरी ओळखीचे आवाज ट्यूबचे नाहीतच. डाइमबॅग डॅरेलचा पँटेरातला आवाज घे, १९९० आणि १९९२ चे ते दोन अल्बम, रँडल आरजी१०० हेड (स्पीकरशिवायचा अँप), पूर्ण सॉलिड स्टेट. डेथचा चक शुल्डिनर मार्शलचा व्हॉल्व्हस्टेट वापरायचा, त्यात प्रीअँपमध्ये एक ईसीसी८३ ट्यूब असते खरी पण पॉवर अँप सगळा ट्रान्झिस्टरचा. डाइंग फीटसवाल्यांचा अँपेग व्हीएच-१४०सी, तोही सॉलिड स्टेट आणि वर स्टीरिओ कोरससकट, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल हा कुणीतरी पॉप बँडसाठी बनवलाय. मेल्विन्सच्या बझ ऑझबोर्नचा सन बीटा लीड. यादी अजून लांबवता येईल पण मुद्दा कळला असेल.

नळीभक्त
> डाइमबॅग डॅरेलचा पँटेरातला आवाज घे

अर्धवट माहिती देऊ नका राव. एक, तोच डाइमबॅग पुढच्या बँडच्या, डॅमेजप्लॅनच्या काळात क्रँकच्या ट्यूब अँपकडे गेला. दोन, तो नुसता रँडलमध्ये वायर खुपसून वाजवत नव्हता, फर्मनचा पॅरामेट्रिक इक्यू (बेस-मिड-ट्रेबल कमीजास्त करणारा इक्वलायझर) होता, एमएक्सआरचा निळा सहा बँडवाला इक्यू होता, आणि गिटारला बिल लॉरेन्सचं एल-५००एक्सएल पिकअप, जे मुळातच प्रचंड गरम. सामान्य माणसाने तोच रँडल विकत घेतला तर त्याला तो आवाज येणार नाही.

खर्ज
बरोबर आहे की! माझंच म्हणणं तू लिहिलंस. सॉलिड स्टेटमध्ये सगळा खेळ इक्यूचा असतो, आणि इक्यू किती यापेक्षा इक्यू *कुठे* हा प्रश्न मोठा. संध्याकाळी नीट लिहितो.

सोल्डरताई
इक्यूच्या आधी अँप आजारी आहे का ते बघा ना. चाळीस वर्षांच्या डब्याला पेडल लावून लावून आवाज सुधारत बसायचं आणि मूळ दुखणं जॅकमध्ये, असं दुरुस्तीला येणाऱ्या अँपमध्ये सर्रास दिसतं.

जुनाट, तुमच्या अँपच्या मागे जे प्रीअँप आउट आणि पॉवर अँप इन आहेत ना, त्या इनच्या जॅकमध्ये आत एक स्विचसारखा संपर्क असतो. काही लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल त्या संपर्कातूनच पुढे जातो. तो काळा पडला की आवाज बारीक होतो, फाटतो, मधेच गायब होतो, कधी जोरात वाजवलं की परत येतो. लोक याला अँपचं डिस्टॉर्शन समजतात. एक छोटी पॅच कॉर्ड आउटमधून इनमध्ये लावून बघा. आवाज सुधारला तर दुखणं सापडलं, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जॅक दहा-वीसदा आतबाहेर करा. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर पॉटमध्ये (नॉबच्या आतल्या भागात) पण तोच.

दुसरं, गिटार न लावता, सगळे व्हॉल्यूम शून्यावर ठेवून घुंइं आवाज येतोय का? येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर वाळलेले असू शकतात. वाळले की बेसच्या नोटवर सप्लाय खाली बसतो आणि पाम म्यूट मऊ पडतो, म्हणजे तुमची जी तक्रार आहे तीच. ट्यूब अँपसारखं ४०० व्होल्ट आत नसतं, साधारण अधिक-उणे ३० ते ४५ व्होल्ट असतं, पण मेन्सची बाजू तितकीच जीव घेणारी आहे, त्यामुळे सवय नसेल तर झाकण उघडू नका, दुसऱ्याकडून करून घ्या.

तिसरं, जुन्या अँपला बाहेरचा चांगला कॅबिनेट (स्पीकरची पेटी) लावण्याआधी स्पीकर आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी मोजा. थोडे मिलिव्होल्ट चालतात. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेत आणि पुढचा नंबर तुमच्या स्पीकरच्या कॉइलचा. त्या काळच्या बऱ्याच अँपमध्ये संरक्षण म्हणून काहीही नसायचं.

जुनाट_कॉम्बो
ताई __/\__ पॅच कॉर्ड लावली आणि आवाज एकदम उघडला! भदाभदा बराच कमी झाला. कापड फाडणं मात्र चालूच आहे. घुंइं नाही, डीसी ८ मिलिव्होल्ट दाखवतोय.

सोल्डरताई
मग तब्येत ठणठणीत आहे. आता खर्ज यांच्या स्वाधीन.

खर्ज
हां तर. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

कापड का फाटतं? त्या काळच्या लीड चॅनलमध्ये बहुतेक वेळा एक ऑपअँप सिग्नल मोठा करतो आणि पुढे दोन सिलिकॉन डायोड त्याचं डोकं उडवतात, साधारण ०.६ व्होल्टच्या वर काही जाऊच देत नाहीत. एकाच ठिकाणी, एकदम सपाट. ट्यूब प्रीअँपमध्ये तेच काम तीन-चार टप्प्यांत थोडं थोडं होतं आणि प्रत्येक टप्प्यामध्ये बेस आणि ट्रेबल जरा जरा छाटला जातो, म्हणून तिथे गेन वाढवला तरी आकार राहतो. इथे सगळा मार एकाच टप्प्यावर. (रँडल वेगळा वाटतो कारण त्यात एफईटी जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, सन बीटामध्ये सीमॉस चिप आहे जी मुळात डिजिटल सर्किटसाठीची, म्हणजे डायोड हा एकमेव रस्ता नाही, पण आपल्या जुनाटच्या डब्यात डायोडच असणार यावर पैज.)

आता त्या एका टप्प्यात तू काय पाठवतोस त्यावर सगळं ठरतं. गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झ, बी पर्यंत खाली ट्यून केली तर ६२ च्या आसपास. हा बेस डायोडपर्यंत पूर्ण पोचला की सगळी जागा तोच खातो आणि वरचे सूर त्याच्यावर बसून घरंगळतात, त्याला आपण चिखल म्हणतो. म्हणून बेस डिस्टॉर्शनच्या *आधी* कापायचा आणि *नंतर* परत घालायचा. धागा इथेच बंद केला तरी चालेल इतका हा मुद्दा मोठा आहे. आधी कापायला ट्यूबस्क्रीमर जातीचं कुठलंही पेडल चालतं, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर, टोन मधे. त्याच्या सर्किटमध्ये ७२० हर्ट्झच्या खालचं आपोआप कमी होत जातं, म्हणून सगळे मेटलवाले हे हिरवं पेडल ड्राइव्हसाठी नाही तर बेस छाटायला वापरतात. आणि अँपचा गेन खाली आण. आणखी खाली. एकटं वाजवताना कोरडं वाटेल इतका खाली, कारण सॉलिड स्टेटचा अटॅक मुळातच पटकन येतो, त्याला गेनने झाकलं की हातात असलेला एकुलता एक हुकमी पत्ता गेला.

मग नंतरचा इक्यू. तुझ्याकडे प्रीअँप आउट आणि पॉवर अँप इन आहे, म्हणजे नशीबवान आहेस, तिथे ग्राफिक इक्यू लाव (ताईंची पॅच कॉर्डही सुटेल). १०० च्या आसपास थोडं वर, ३००-४०० ला थोडं खाली, बाकी हात लावू नकोस. ५-६ किलोहर्ट्झच्या वर जे काही आहे ते निर्दयपणे खाली. कापड तिथे फाटतंय. मिड्स (मधल्या फ्रीक्वेन्सी) शून्यावर नेऊन व्ही आकार करायचा मोह होईल, खोलीत एकट्याला भारी वाटतो, ड्रम आणि बेस सुरू झाले की तू बँडमध्ये आहेस हे फक्त तुलाच माहीत असतं.

मिड्सवाला
शेवटच्या वाक्याला +१००. आयडी सार्थकी लागला.

गंजलेला_तार
एवढं सगळं करायची गरजच काय? बॉस एचएम-२ घ्या, चारही नॉब पूर्ण उजवीकडे, अँप क्लीनवर. झाला मेटल.

मिड्सवाला
तो एकच प्रकारचा मेटल झाला की, स्वीडिश.

गंजलेला_तार
दुसरा प्रकार असतो का? :P

बरं गंमत सोडा, एचएम-२ आला १९८३ मध्ये, लोकांनी नाकं मुरडली, १९९१ ला बॉसने बंद केला, आणि त्याच्याच आगेमागे स्टॉकहोममधल्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ड आणि डिस्मेंबर त्याच पेडलवर अख्खा एक आवाज उभा करत होते. पुढे बॉसला तो वाझा क्राफ्ट मालिकेत परत काढावा लागला. सॉलिड स्टेटशी त्याचं जमतं याचं कारण खर्ज यांनी वर लिहिलंय तेच आहे, इक्यू डिस्टॉर्शनच्या *नंतर* आहे, पेडलच्या आतच. लो नॉब साधारण १०० हर्ट्झपाशी ढकलतो आणि हाय नॉब नावाला हाय, खरं तर १ किलोहर्ट्झच्या आसपासचे मिड्स उचलतो. अँपने फक्त मोठा आवाज करायचा. त्यासाठी जुना सॉलिड स्टेट क्लीन चॅनल एक नंबर, कारण तो स्वतःचं काही घुसडत नाही.

खर्ज
हे मान्य. पेडललाच प्रीअँप समजायचं आणि अँपला पॉवर अँप. हे करायचं तर पेडल थेट पॉवर अँप इनमध्ये लावून पण बघ जुनाट, क्लीन चॅनलचा टोन स्टॅकसुद्धा (बेस-मिड-ट्रेबल नॉबचं सर्किट) बाजूला पडतो. फक्त पेडलची लेव्हल शून्यावरून हळूहळू वर ने, तिथे मास्टर व्हॉल्यूम असेलच असं नाही, कान जातील.

नळीभक्त
ठीक आहे, आवाज रेकॉर्डिंगमध्ये बनवता येतो, मी कधी नाही म्हटलं? माझा मुद्दा वेगळा आहे. चार स्पीकरच्या कॅबिनेटसमोर उभं राहून पाम म्यूट मारल्यावर पँटचा कपडा हलतो, ते सॉलिड स्टेटमध्ये कधीच होत नाही. हे इक्यूने येत नाही. अनुभव आहे.

सोल्डरताई
अनुभव खरा आहे, कारण मात्र जादूचं नाही.

८ ओहमचा स्पीकर सगळीकडे ८ ओहम नसतो. त्याच्या रेझोनन्सपाशी, गिटार स्पीकरला साधारण ७५ ते १०० हर्ट्झ, तो कित्येक पट वर जातो, आणि वरच्या बाजूला ट्रेबलमध्ये परत चढत जातो. ट्यूब अँपचा आउटपुट इंपिडन्स जास्त असतो म्हणून त्याचा आवाज या वळणाच्या मागे मागे जातो, खाली एक फुगवटा आणि वर एक चढ फुकटात मिळतो. तो फुगवटा म्हणजे तुमच्या पँटचा कपडा. साधा सॉलिड स्टेट पॉवर अँप स्पीकर कसाही वागला तरी व्होल्टेज तेवढंच देतो, म्हणून सपाट.

पण हे बनवणाऱ्यांनाही माहीत होतं. काही सॉलिड स्टेट अँपमध्ये, व्हॉल्व्हस्टेटमध्ये आहे, स्पीकरच्या उणे टोकाला एक छोटा रेझिस्टर घालून करंट फीडबॅक घेतात आणि आउटपुट इंपिडन्स मुद्दाम वाढवतात. मग तोच फुगवटा, तोच चढ. यात एक धोका, अशा अँपमध्ये स्पीकरचं उणे टोक म्हणजे ग्राउंड नव्हे. काहीतरी जोडताना ते चॅसीला टेकवलंत तर फीडबॅक गेला आणि आवाज एकदम कोरडा होईल, वर आणखी काय होईल ते अँपवर अवलंबून. ज्या अँपमध्ये ही सोय नाही तिथे लूपमधला (प्रीअँप आउट आणि पॉवर अँप इनच्या मधला) इक्यू १०० च्या आसपास ४-६ डीबी वर, तोच परिणाम बराचसा येतो.

नळीभक्त
बराचसा.

सोल्डरताई
बराचसा :) आणि फुकट नाही, हेही सांगते. ३ डीबी वाढवलं की त्या जागी दुप्पट पॉवर लागते, ६ डीबीला चौपट. तुमचा कॉम्बो ६० वॉटचा असेल आणि ड्रमरबरोबर वाजवत असाल तर आधीच काठावर आहात, वर बेस उचलला की पॉवर अँप क्लिप होणार. ट्यूब पॉवर अँप क्लिप झाला तर लोक पैसे देऊन ऐकतात, ट्रान्झिस्टरचा झाला तर कुणी ऐकत नाही. डाइमबॅगला मोठी हेड लागायची यात नवल नाही. पीव्हीने याच भीतीपोटी अँपमध्ये डीडीटी घातलं, क्लिप व्हायच्या आत आवाज दाबून धरतं.

मिड्सवाला
इथे माझा आवडता विषय, स्पीकर! पॉवर वाढवायला नवा अँपच लागतो असं नाही. जुन्या कॉम्बोमधला फॅक्टरी स्पीकर ९६-९७ डीबी संवेदनशीलतेचा असेल आणि त्याजागी १०० डीबीवाला टाकला, उदाहरणार्थ सेलेस्टियन व्हिंटेज ३०, तर ३ डीबी म्हणजे अँपचे वॉट दुप्पट केल्यासारखंच. व्हिंटेज ३० ला वरच्या मिड्समध्ये एक फुगवटा आहे तो काहींना टोचतो, पण ५ किलोहर्ट्झच्या पुढे गिटार स्पीकर तसाही झपकन खाली जातो, म्हणजे कापड फाडण्याचा निम्मा बंदोबस्त तिथेच. एक लक्षात ठेवा, तो एकटा ६० वॉट झेलतो, १०० वॉटच्या अँपला एकटा लावू नका. आणि कॉम्बोची पाठ उघडी असेल तर चग येणार नाही म्हणजे नाही, मागची हवा पुढच्या हवेला खाते. पाठ बंद असलेला कॅबिनेट बाहेरून लावून बघा एकदा, माझ्या मते सगळ्या पेडलांपेक्षा हा बदल मोठा.

पडद्यामागे
अवांतर: सॉलिड स्टेटचा मेटलशी आणखी एक संबंध लोक विसरतात, क्लीन. मेटालिकाच्या कितीतरी क्लीन भागांमागे रोलंडचा जेसी-१२० आहे, १९७५ चं डिझाइन. आणि किंग्ज एक्सच्या टाय टेबरचा तो जाडजूड आवाज लॅब सिरीज एल५ मधून यायचा, जो अँप बाकी जगाला बी. बी. किंगचा म्हणून माहीत. ब्लूजवाल्याचा डबा, आणि त्यातून असलं काहीतरी. रच्याकने रॉकमॅन पण धरायचा का यात? टॉम शोल्झने बनवलेला तो कमरेला लावायचा हेडफोन अँप, ८० च्या दशकात तो थेट रेकॉर्डिंगला जायचा.

गंजलेला_तार
रॉकमॅन मेटल नाही. पुढे.

पडद्यामागे
डेफ लेपर्डवाल्यांना सांगा ते.

गंजलेला_तार
सांगितलं समजा. मेटल नाही.

जुनाट_कॉम्बो
भांडू नका हो, धागा माझा आहे. तर प्रगती: हिरवं पेडल पुढे, ड्राइव्ह शून्य, अँपचा गेन ४ वर, लूपमध्ये ग्राफिक इक्यू. खर्ज तुम्ही म्हणालात तसं एकट्याला कोरडं वाटतं पण गाण्याबरोबर वाजवलं की एकदम जागेवर बसतं. चग आला!! फास्ट रिफमध्ये प्रत्येक नोट वेगळी ऐकू येते, जी मित्राच्या ट्यूब हेडवर येत नव्हती (नळीभक्त, माफ करा). रेकॉर्ड करायला प्रीअँप आउटमधून थेट इंटरफेसमध्ये घेतलं तर मात्र परत ते कापड.

खर्ज
साहजिक आहे, मधे स्पीकरच नाही ना, वरचं सगळं उघडं पडलं. कॉम्प्युटरमध्ये कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या आवाजाची डिजिटल नक्कल) लाव, आवाज लगेच माणसात येईल. आणि इथे तुझी मजा आहे, सॉलिड स्टेटला आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, त्यामुळे साधारणपणे स्पीकर न लावता चालू ठेवला तरी काही होत नाही. ट्यूबवाल्यांना त्यासाठी लोड बॉक्स घ्यावा लागतो.

नळीभक्त
रिफ ऐकव मग. ऐकल्याशिवाय मानणार नाही. कॅबिनेट पाहिजे असेल तर माझा एक ४x१२ पडून आहे, १६ ओहमचा, घेऊन जा. पण सॉलिड स्टेटला १६ चालतो का ते ताईंना विचार.

जुनाट_कॉम्बो
अरे वा! ताई, अँपवर "किमान ४ ओहम" लिहिलंय, चालेल?

सोल्डरताई
चालेल, काही बिघडणार नाही. किमान म्हणजे त्याच्या खाली जायचं नाही, वर कितीही. २ ओहम लावलंत तर ट्रान्झिस्टर जाळाल. पण १६ वर पॉवर ४ ओहमच्या साधारण पाव मिळेल, ६० चे १५-२० वॉट. चार स्पीकर असल्यामुळे ऐकायला तितकं कमी वाटणार नाही, तरी ड्रमरपुढे पुरणार नाही. केबल स्पीकरचीच वापरा, गिटारची शील्डवाली नको.

आतल्या प्रत्येक स्पीकरवर किती ओहम लिहिलंय बघा. चारही १६ चे असतील तर आत्ता ते सिरीज-पॅरललमध्ये आहेत, तेच चारही पॅरललमध्ये जोडले की ४ ओहम होतात, म्हणजे तुमच्या अँपला हवेत तितकेच.

जुनाट_कॉम्बो
नळीभक्तांनी मागचं पॅनल उघडून फोटो पाठवला, चारही १६ चेच आहेत. जोडू?

सोल्डरताई
मालकाची परवानगी घेऊन जोडा. सगळ्यांचं अधिक एकत्र, सगळ्यांचं उणे एकत्र, एखादा उलटा लागला तर बेस गायब होईल. शंका आली तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, चारही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. आणि जॅकपाशी मोठ्या अक्षरात "४ ओहम" लिहून ठेवा, नाहीतर परत गेल्यावर ते आपलं ट्यूब हेड सवयीने १६ वर ठेवून लावतील.

नळीभक्त
परवानगी आहे. लाल पेनने लिहा.